चोकचेरीचं सरबत

अहिल्याबाई गावडे मिनेसोटातल्या ईडन प्रेरीला मुलाकडे आल्या तेव्हा साठीला एकच वर्ष कमी होतं, आणि आंबोलीत त्यांचं म्हणावं असं काही उरलेलं नव्हतं. बावीस वर्षं त्यांनी घाटमाथ्यावर, एसटी थांबते तिथे, सरबताची टपरी चालवली. नवरा एकनाथ बांधकाम खात्यात मैलकुली होता. रस्त्याचे खड्डे भरायचे, दरड आली की दगड बाजूला सारायचे, हे त्याचं काम. मुलगा सत्यजित बारा वर्षांचा असताना एकनाथ न्यूमोनियाने गेला. खात्यातल्या एका मुकादमाने थांब्यामागची चार हात जागा दाखवली आणि म्हणाला, "वहिनी, इथे बसा. तुम्हाला कोणी उठवणार नाही." त्या बसल्या.

टपरीवर बाजारातून आणलेलं असं साखर-मिठाखेरीज काही नसे. एप्रिल-मेमध्ये करवंदं आणि रातांबे, मग जांभळं, थंडी पडली की आवळे. तांबडं फुटायच्या आत त्या रानात शिरत आणि पहिली बस यायच्या आधी टोपली घेऊन परत येत. फळ ओळखायची त्यांची एक रीत होती, आईकडून आलेली. पक्षी खातात म्हणून माणसाने खाऊ नये. आधी पान बघायचं, फांदी बघायची, फळ बोटांत चुरडून वास घ्यायचा, ओठाला लावून घटकाभर थांबायचं. मग एकच फळ खायचं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत वाट बघायची. तीन दिवस स्वतः खाल्ल्याशिवाय त्यांनी कुठल्याही फळाचा रस गिऱ्हाइकाला दिला नाही. बेळगावहून सावंतवाडीला जाणारे ड्रायव्हर-कंडक्टर त्यांच्याकडे थांबल्याशिवाय घाट उतरत नसत. बावीस वर्षांत एकाही माणसाने परत येऊन पोट बिघडल्याचं सांगितलं नाही.

त्या सरबतावर सत्यजित सांगलीला इंजिनिअर झाला, एक्याण्णव साली पुढच्या शिक्षणाला अमेरिकेत गेला, तिथलाच झाला. दोन हजार दोनमध्ये रस्ता रुंद करायला घेतला तेव्हा टपरी गेली. त्याच सुमारास सत्यजितने आईसाठी कागदपत्रं पाठवली. धाकटा दीर म्हणाला, "वहिनी, तुम्ही आता तिकडेच राहणार, घराचं काय करायचं ते सांगा." अहिल्याबाईंनी सही करून दिली. परत यायचं झालं तर कुठे यायचं, हा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही. पण मुलगा बोलावतोय म्हटल्यावर असला विचार करणं त्यांना अभद्र वाटलं.

पहिली दोन वर्षं त्यांनी बहुतेक खिडकीतच काढली. घर मोठं होतं, बंद गल्लीच्या टोकाला, मागे उतार आणि उताराखाली तळं. त्यांची खोली खालच्या मजल्यावर, अर्धी जमिनीत. खिडकीतून दिसायचं ते गवत अगदी डोळ्यांच्या पातळीवर. सून चैत्राली पुण्याची, एका विमा कंपनीत कामाला. वाईट बाई नव्हती. सासूला औषधं वेळेवर देई, थंडीचे बूट स्वतः पायात घालून दाखवी. पण घरात प्रत्येक गोष्टीची एक रीत ठरलेली होती, आणि ती रीत अहिल्याबाईंना यायची नाही. डिशवॉशरमध्ये पितळेची वाटी घातली, चुकलं. गॅलरीत पापड वाळत घातले, चुकलं. चैत्राली रागावत नसे, नुसती म्हणे, "असू दे आई, मी करते." हे 'मी करते' ऐकून ऐकून अहिल्याबाईंनी हळूहळू सगळंच सोडलं.

नात गिरिजा तेव्हा चार-पाच वर्षांची. मराठी तिला कळायचं, पण उत्तर इंग्रजीत यायचं. आजीला इंग्रजी येईना. त्यामुळे दोघी एकमेकींकडे बघून हसत आणि आपापल्या वाटेने जात.

दोन हजार पाचच्या उन्हाळ्यात चैत्रालीला बढती मिळाली आणि कामाचे तास वाढले. गिरिजाचा समर कॅम्प दुपारी एकलाच सुटायचा. ती रोज शेजाऱ्यांच्या गाडीतून घरी येणार आणि संध्याकाळपर्यंत आजीजवळ राहणार, असं ठरलं. चैत्रालीने फ्रिजवर कागद लावला: जेवण किती वाजता, टीव्ही किती वेळ, तळ्याजवळ जायचं नाही.

पहिल्या आठवड्यात दोघी टीव्हीसमोर बसल्या. दुसऱ्या आठवड्यात अहिल्याबाईंनी गिरिजाच्या डोक्यावर टोपी घातली आणि मागच्या दाराने बाहेर पडल्या. तळ्याजवळ नाही, पण वरच्या डांबरी पायवाटेवर. त्या वाटेने लोक कुत्री घेऊन पळायचे. वाटेच्या कडेला माणसाच्या उंचीची झुडपं होती आणि त्यांवर जांभळट-लाल फळांचे झुबके लटकत होते. अहिल्याबाई जागच्या जागी थांबल्या. दोन वर्षांत पहिल्यांदा त्यांना या देशात काहीतरी वाचता आलं.

"आजी, डोन्ट टच! इट्स पॉयझनस!" गिरिजा ओरडली.

"कोण म्हणतं?"

"मॉम सेज. एव्हरीथिंग आउटसाइड इज पॉयझनस."

अहिल्याबाईंनी पान उलटून पाहिलं. फळ चुरडलं, वास घेतला. बदामासारखा, किंचित सफरचंदासारखा. मग रस ओठाला लावला आणि वाटेवरच्या बाकावर बसून राहिल्या. गिरिजा आजीच्या तोंडाकडे अशी टक लावून बघत बसली, जणू आजी आता कोसळणार.

तेवढ्यात एक म्हातारी गोरी बाई एका लठ्ठ कुत्र्याला ओढत तिथे आली. तिने अहिल्याबाईंच्या बोटांवरचा जांभळा डाग पाहिला आणि हसली. झुडपापाशी जाऊन मूठभर फळं ओरबाडली आणि सरळ तोंडात टाकली. "जूनबेरी," ती म्हणाली आणि उरलेली फळं अहिल्याबाईंच्या ओंजळीत ओतली.

ही ॲर्डिस. दोन घरं सोडून राहायची, एकटी. नवरा वारलेला, मुलगी नॉर्थ डकोटात. तिचं बालपण तिकडच्याच एका शेतावर गेलेलं. त्या उन्हाळ्यात या दोन बायकांनी एकही पूर्ण वाक्य न बोलता किती गोष्टी केल्या याचा हिशेब लागत नाही. ॲर्डिस बोट दाखवी, खायचं असेल तर पोट चोळी, नसेल तर गळा धरून डोळे फिरवी. अहिल्याबाई मान डोलावत, आणि तरीही घरी जाऊन आपली तीन दिवसांची रीत पाळत.

पहिलं सरबत जूनबेरीचं झालं. फळं थोड्या पाण्यात उकळली, जुन्या सुती साडीच्या तुकड्यातून गाळली, साखर, भाजलेल्या जिऱ्याची पूड, काळं मीठ, लिंबू. गिरिजाने आधी चमच्याच्या टोकाने चाखलं. मग अख्खा ग्लास प्यायली, आरशात जाऊन जीभ बघून आली आणि म्हणाली, "आजी, मोर." अहिल्याबाई म्हणाल्या, "मोर नाही म्हणायचं. म्हण, अजून." "अजून," गिरिजा म्हणाली.

'आजी'खेरीज तिने उच्चारलेला तो पहिला मराठी शब्द होता, निदान आजीपाशी तरी.

संध्याकाळी सत्यजित आला. त्याच्यासमोर ग्लास ठेवला. त्याने एक घोट घेतला आणि ग्लास तसाच हातात धरून उभा राहिला.

"करवंदाचं कुठून आणलंस?"

"करवंद नाही रे. इथलंच आहे. मागच्या वाटेवरचं."

"मी ग्लास विसळायचो आठवतंय? बसच्या मागे लपून," तो म्हणाला आणि हसला. "शाळेतली पोरं बसमध्ये असली की मी बाहेरच यायचो नाही."

"मला ठाऊक होतं," अहिल्याबाई म्हणाल्या. सत्यजितने ग्लास रिकामा केला आणि दुसरा मागितला.

चैत्रालीने चाखलं नाही. पण नाहीही म्हणाली नाही. "धुऊन घेतलंत ना नीट, आई?" एवढंच विचारलं.

ते दोन महिने अहिल्याबाईंचे अमेरिकेतले चांगले दिवस. जुलैत काळ्या रासबेरी झाल्या. गिरिजा आता कॅम्पवरून आली की बूटही न काढता म्हणे, "आजी, चल." ऑगस्टच्या शेवटी ॲर्डिस दोन बादल्या घेऊन दारात आली. तळ्याच्या पलीकडे चोकचेरीची झाडं पिकली होती. वाटाण्याएवढी काळीभोर फळं, द्राक्षासारखे घोस, आणि चव अशी तुरट की तोंड आवळून येई, कच्च्या जांभळासारखं. अहिल्याबाईंना ती एकदम आवडली. ॲर्डिसने आपल्या स्वयंपाकघरात नेऊन रीत दाखवली. फळं अख्खी उकळायची, लाकडी चमच्याने हलकेच दाबायची. एकदा अहिल्याबाईंनी पळीने जोर केला तेव्हा ॲर्डिसने त्यांचा हात धरला, एक बी उचलून दाखवली, 'नो, नो' म्हणाली आणि गळा धरून डोळे फिरवले. बी फुटली की रस कडू होत असेल, असं अहिल्याबाईंना वाटलं. आवळ्याची बी ठेचली तर होतो तसा. त्यांनी मान डोलावली आणि एकही बी फुटू दिली नाही.

त्याच आठवड्यात शनिवारी गिरिजाचा सहावा वाढदिवस होता. मराठी मंडळातली सहा-सात कुटुंबं येणार होती. गिरिजाने हट्ट धरला, आजीचं सरबत पाहिजेच. चैत्राली म्हणाली, "आपण लेमोनेड आणलंय ना?" गिरिजा रडायला लागली. शेवटी सत्यजित म्हणाला, "ठेवू दे गं. लोकांना मजा वाटेल."

लोकांना मजा वाटली. मागच्या अंगणात काचेचे दोन मोठे जग ठेवले होते, लालभडक. पुण्याची वीणा, चैत्रालीची जवळची मैत्रीण, दोन ग्लास प्यायली. "काकू, बॉटलिंग करा यार, आम्ही विकू!" ती म्हणाली. तिचा मुलगा तर तिसऱ्यांदा ग्लास घेऊन आला. एका नागपूरकर गृहस्थांनी विचारलं, "काकू, हे कुठलं फळ?" अहिल्याबाईंनी नाव सांगितलं आणि मग ते कसं ओळखायचं तेही सांगायला लागल्या. चार माणसं उभी राहून ऐकत होती. बावीस वर्षं टपरीवर असंच चालायचं. कितीतरी दिवसांनी त्यांना आपला आवाज स्वतःचा वाटला.

रविवारी सकाळी गिरिजाने उलटी केली. नाश्त्याच्या वेळेपर्यंत चार झाल्या, जुलाब सुरू झाले, अंग तापलं. सत्यजित म्हणाला, "केक जास्त झाला असेल." तेवढ्यात फोन वाजला. वीणाचा. तिचा मुलगाही पहाटेपासून उलट्या करत होता. चैत्रालीने फोन कानाला लावला होता, पण वीणाचा आवाज खोलीभर ऐकू येत होता.

"चैत्राली, काय होतं त्या सरबतात?"

चैत्रालीने सासूकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता. भीती होती, आणि ती रागापेक्षा वाईट होती.

इस्पितळात सगळे गेले. अहिल्याबाईंनाही नेलं, कारण डॉक्टर विचारतील. उरलेलं सरबत बरणीत भरून घेतलं, बादलीतली चार फळं प्लास्टिकच्या पिशवीत. गिरिजाच्या हाताला सलाइन लावली. डॉक्टर तरुण होता. 'वाइल्ड बेरीज' हे शब्द ऐकताच तो थांबला. कुठेतरी फोन केला, संगणकावर काहीतरी वाचलं आणि चैत्रालीला सांगितलं. चैत्रालीचा चेहरा पांढरा पडला.

"काय म्हणतात?" अहिल्याबाईंनी विचारलं.

"त्या झाडाच्या बियांत आणि पानांत सायनाइड असतं, आई," चैत्राली म्हणाली. "सायनाइड. विष."

अहिल्याबाई खुर्चीत बसल्या. ॲर्डिसने गळा का धरला होता ते त्यांना आत्ता कळलं. बी फुटली नव्हती, एकही नाही; त्यांनी स्वतः गाळताना पाहिलं होतं. पण त्या कडवटपणासाठी जपल्या होत्या, विषासाठी नाही. मग जपल्या असं म्हणायचं का? पान बघून, वास घेऊन, ओठाला लावून त्यांना जे कळायचं, त्यात हे कळलं नव्हतं.

थोड्या वेळाने एक बाई आली. गळ्यात ओळखपत्र, हातात कागद. मुलांच्या बाबतीत असं काही झालं की चौकशी करावी लागते, असं तिने सौम्यपणे सांगितलं. तिने अहिल्याबाईंकडे बघून प्रश्न विचारला. सत्यजितने मराठीत सांगितला: "आई, त्या विचारतायत, फळ चांगलं आहे हे तू कसं ठरवलंस?"

अहिल्याबाईंनी सांगितलं. आईने काय शिकवलं ते, पानाची मागची बाजू कशी बघायची ते, तीन दिवस स्वतः खाऊन बघायची रीत, बावीस वर्षांची टपरी, ॲर्डिसने कशी आधी स्वतः फळं खाल्ली ते, बिया फुटू दिल्या नाहीत ते. सांगता सांगता त्यांचा हात हवेत फळ चुरडत होता. बरंच सांगितलं. त्या थांबल्यावर सत्यजितने त्या बाईला एक लहानसं वाक्य सांगितलं. सात-आठ शब्द असतील. बाईने लिहून घेतलं आणि मान हलवली.

परतताना गाडीत अहिल्याबाईंनी विचारलं, "काय सांगितलंस रे तिला?"

"काही नाही."

"मी एवढं बोलले, आणि तू एवढंच?"

सत्यजितने वळणाचा दिवा लावला. "म्हटलं, आई गावाकडची आहे, पुन्हा असं होणार नाही." मग स्वतःच म्हणाला, "आई, ओठाला लावून बघते असं सांगितलं असतं तर त्यांनी मुलीला घरी सोडलं नसतं. तुला कळत नाही इथे कसं असतं ते."

तो चुकीचं बोलत नव्हता. हेही अहिल्याबाईंना कळलं.

मंगळवारी डॉक्टरांचा फोन आला. पोटाचा साधा विषाणू निघाला. गिरिजाच्या कॅम्पमधली नऊ मुलं त्याच आठवड्यात आजारी पडली होती, आणि त्यांतली सात वाढदिवसाला आलेलीही नव्हती. सरबतात काहीही निघालं नाही. महिन्याभराने चौकशी बंद केल्याचं पत्रही आलं. सत्यजितने ते मोठ्याने वाचून दाखवलं. "बघ आई, तुझी काही चूक नव्हती," तो म्हणाला. चैत्राली भाजी चिरत होती. सुरी थांबवून ती म्हणाली, "या वेळी नव्हती. पण विष होतंच ना त्यात? एखादी बी फुटली असती तर?"

सत्यजितने पत्र घडी करून पाकिटात घातलं.

तोवर वीणाचा मंडळातल्या सगळ्यांना मेल पाठवून झाला होता, जंगली फळांपासून मुलांना जपा म्हणून. नाव घेतलं नव्हतं. घ्यायची गरज नव्हती. विषाणूचं कळल्यावर सत्यजित म्हणाला की तिने आता खुलासाही पाठवावा. वीणा म्हणाली, "अरे, झालं गेलं. परत मेल करून विषय कशाला उकरायचा?" विषय उकरला गेला नाही. त्या वर्षी गणपतीला अहिल्याबाईंनी खोबऱ्याच्या वड्या नेल्या. ताट जसंच्या तसं परत आलं. "काकू, आम्ही जेवून आलोय," लोक हसून सांगत होते, आणि शेजारच्या ताटातले विकतचे पेढे घेत होते.

ॲर्डिस दोनदा दारात आली. पहिल्यांदा ती तावातावाने काहीतरी बोलत होती. 'चोकचेरी' आणि 'सेव्हन्टी इयर्स' एवढं अहिल्याबाईंना जिन्यावरून ऐकू आलं. चैत्रालीने थँक यू म्हणून दार लावलं. दुसऱ्यांदा सप्टेंबरात, रानद्राक्षांची बादली घेऊन. तेव्हा घरात अहिल्याबाई एकट्याच होत्या. बेल वाजली, कुत्र्याचा आवाज आला. त्या दाराच्या आतल्या बाजूला उभ्या राहिल्या, हात कडीवर ठेवून. बेल पुन्हा वाजली. त्यांनी दार उघडलं नाही. उघडून काय सांगायचं, आणि कुठल्या भाषेत? पुढच्या वर्षी ॲर्डिस घर विकून मुलीकडे गेली. निरोप घ्यायला आली होती की नाही, कोणास ठाऊक.

गिरिजाला कोणी काही शिकवलं नव्हतं, पण मुलं शिकतात. जेवायला बसली की ताटाकडे बघून ती आईला विचारी, "मॉम, डिड यू मेक धिस, ऑर आजी?" चैत्राली पहिल्यांदा तिला रागावली. खरंच रागावली, तो प्रश्न तिलाही बरा वाटला नाही. पण मूल ते मूल. आजीने केलेली पोळी ती कडेला सारून ठेवी. मग अहिल्याबाईंनीच स्वयंपाकघरात जाणं कमी केलं. "तुम्ही आराम करा, आई," चैत्राली म्हणाली. त्या आराम करू लागल्या. सकाळचा चहा तेवढा त्या स्वतःचा स्वतः करत, एक कप.

त्या पायवाटेवर त्या एकदा गेल्या, दुसऱ्या वर्षीच्या जूनमध्ये, एकट्याच. जूनबेरी पिकली होती. पान उलटून पाहिलं. फळ चुरडलं. पण ओठाशी नेलं आणि पुन्हा खाली घेतलं. हीच ती, की हिच्यासारखी दुसरी? पान असंच होतं ना? देठ? आयुष्यात पहिल्यांदा झाडापुढे उभं राहून त्यांना खात्री वाटेना. त्यांनी बोटं पदराला पुसली आणि घरी आल्या. डाग निघाला नाही, म्हणून चैत्रालीच्या नजरेला पडायच्या आधी ती साडी घडी करून ट्रंकेत तळाशी ठेवली.

सत्यजितला कळत नव्हतं असं नाही. एका रविवारी तो खालच्या खोलीत येऊन बसला.

"आई, तुला आंबोलीला जाऊन यायचंय का?"

"कोणाकडे?"

"काकांकडे. आपल्या घरी."

"ते आता त्यांचं घर आहे," अहिल्याबाई म्हणाल्या. "पाहुणी म्हणून जाऊ? दोन दिवस बसवतील, तिसऱ्या दिवशी विचारतील, परत कधी जाणार."

"मग काय करूया?"

"काही नको करूस. तू जेवलास का?"

आईच्या उशाशी असलेला औषधांचा डबा त्याने उघडून बघितला, आठवड्याचे सगळे कप्पे भरलेले होते. मग वर गेला.

दोन हजार आठमध्ये सत्यजितच्या कंपनीतला विभाग बंद झाला. सहा आठवड्यांनी त्याला जॉर्जियात, अल्फारेटाला नोकरी मिळाली. मे महिन्यात सगळे तिकडे गेले. अहिल्याबाई तेव्हा चौसष्ट वर्षांच्या. नवीन घरात त्यांची खोली वरच्या मजल्यावर आली, उजेडाची. हवा दमट, गरम, थोडीशी कोकणासारखी. चैत्राली म्हणाली, "इथे तुम्हाला बरं वाटेल, आई." अहिल्याबाई हो म्हणाल्या. ओळखीचं इथे कोणीच नव्हतं, म्हणजे आधीची गोष्टही कोणाला ठाऊक नव्हती. पण त्यांना ओळख करून घ्यायची इच्छाच उरली नव्हती. शेजारी हात हलवीत. त्याही हात हलवून आत जात.

जूनच्या अखेरीस कुंपणाला लागून काटेरी वेलीवर फळं पिकली. आधी हिरवी, मग लाल, मग काळी, दाणेदार. अहिल्याबाई रोज कपडे वाळत घालायला बाहेर येत. या घरात तेवढी परवानगी होती. त्यांनी ती फळं पहिल्या दिवसापासून पाहिली होती. पान कसं, काटा कसा, फळ देठापासून सुटतं कसं, सगळं त्यांच्या नकळत डोळ्यांनी टिपून झालं होतं.

एका दुपारी गिरिजा बाहेर आली. नऊ पूर्ण व्हायला दोन महिने उरलेले, उंच झालेली, केस कापलेले. कुंपणापाशी जाऊन तिने एका फळाला बोट लावलं, आणि मागे वळून पाहिलं. आई ऑफिसात होती. घरात दुसरं कोणी नव्हतं.

"आजी," ती म्हणाली. मग थांबली, शब्द शोधले आणि मराठीत विचारलं, "हे खायचं असतं?"

अहिल्याबाईंच्या हातात ओला टॉवेल होता. उत्तर ओठांवर आलं होतं. त्या हो म्हणू शकल्या असत्या, एक फळ तोडून आधी स्वतः खाऊ शकल्या असत्या. पोरगी वाट बघत होती.

"मला माहीत नाही, बाळा," त्या म्हणाल्या. "आईला विचार."

गिरिजाने खांदे उडवले, बोट चड्डीला पुसलं आणि आत निघून गेली. जाळीचं दार तिच्यामागे आपोआप लागलं. अहिल्याबाईंनी टॉवेल झटकला, दोरीवर टाकला, चारही टोकं सारखी केली आणि बादलीतला पुढचा कपडा उचलला.